विश्रामगृहामागची घरगाडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत ढाल घेऊन उभा राहिलो. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. एका मंगळवारची दुपार मात्र पुसली जात नाही. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी फौजदार होतो आणि जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावातली पोलीस चौकी माझ्या ताब्यात होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांची मुलंबाळं आजही तिथंच नांदतात.

गावाच्या वरच्या अंगाला अभयारण्य, खालच्या अंगाला केळीच्या बागा. मंगळवारी आठवडे बाजार भरे. त्या दिवशी डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं डिंक, मोहाची फुलं, चारोळी घेऊन खाली उतरत आणि मीठ-मिरची, कापड घेऊन परत जात. चौकी म्हणजे दोन कौलारू खोल्या, मागे एक लॉकअप, पुढे दगडी कुंपणाचं अंगण. एक हवालदार, पाच शिपाई. वाहन म्हणून माझी मोटरसायकल. भिंतीवर मूठ फिरवायचा फोन होता. तो तालुक्याला लागला तर लागला.

हवालदार गावाजवळचाच, निवृत्तीला आलेला. त्याला सगळे नाना म्हणत, मीही म्हणत असे.

त्या रविवारी सकाळी गावात एक गाडी आली. लांबट, निळी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आत दोन माणसांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भांडी ठेवायची फळी. युरोपातल्या कुठल्याशा देशातलं साठीच्या घरातलं जोडपं होतं. म्हातारा उंच, खांद्यात वाकलेला. म्हातारी ठेंगणी, पांढऱ्या आखूड केसांची. देशोदेशीचे रस्ते पार करत ते आग्रा रोडनं धुळ्यापर्यंत आले होते, आणि धुळ्यात कोणीतरी त्यांना सातपुड्याच्या जंगलाविषयी सांगितलं होतं. वनखात्याच्या परवानगीनं त्यांनी विश्रामगृहामागच्या मोकळ्या जागेत, चिंचेखाली गाडी लावली. तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. तासाभरात गावानं तिला नाव दिलं, घरगाडी.

पहिल्या दिवशी सगळा कौतुकाचा मामला होता. पडदा सरकला की पन्नास डोळे आत डोकावत. बाईजवळ एक कॅमेरा होता, त्यातून फोटो तिथल्या तिथं बाहेर येई. ती पोरांचे फोटो काढी. एक त्या पोराला देई, एक स्वतःजवळ ठेवून गाडीत चिकटवी.

त्या महिन्यात आमच्या भागात एक अफवा फिरत होती. कुठंतरी धरणाची भिंत उभी राहत नाही, म्हणून लहान पोरं पळवून तिच्या पायात पुरतात, असं बायका एकमेकींना सांगत. वरून परिपत्रक आलं होतं, ‘अफवांवर लक्ष ठेवावे.’ मी ‘हद्दीत शांतता आहे’ असं उत्तर पाठवून मोकळा झालो होतो. सोमवारी नाना मला म्हणाला, “साहेब, बाया पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. म्हणतात, गोरी बाई ज्याचा फोटो काढते ते पोर जातं.”

मी हसलो. “नाना, तुमचाही विश्वास आहे का?”

नाना हसला नाही. “माझ्या विश्वासाचं काय, साहेब. त्यांचा आहे.”

तरी मी एवढंच केलं, की त्या जोडप्याला निरोप पाठवला. परदेशी पाहुण्यांनी चौकीत नोंद करायची असते, तेव्हा मंगळवारी दुपारी येऊन पासपोर्ट दाखवावा. बाजार उलगडला की त्यांना पुढं जायला सांगू, असा माझा विचार होता.

मंगळवारी मी चार शिपाई घेऊन बाजारात बंदोबस्ताला होतो. सव्वातीनच्या सुमाराला एक माणूस पळत माझ्याकडे आला. पाड्यावरचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मागून त्याची बायको, केस सुटलेले.

“साहेब, मनी पोर! आम्ही तिले आठे बसाडं व्हतं, गठुड्याजोडे. कोठेच दिसत नही!”

त्यांच्या अहिराणीत ‘मनी’ म्हणजे माझी. पोर सहा वर्षांची होती. बाजारात पोरं हरवतात. दहातली नऊ जिलेबीच्या पालाजवळ सापडतात. मी दोन शिपायांना तिकडं धाडलं आणि आईला विचारू लागलो, अंगात काय कपडे होते, नाव काय. एवढ्यात कोणीतरी ओरडलं, “तिले गोरी बाईनी नेलं! घरगाडीमा टाकं!”

ते वाक्य बाजारावरून वाऱ्यासारखं गेलं. पालं सोडून माणसं धावायला लागली. तराजू तसेच टाकून, मिरच्यांची पोती तुडवत. मी मोटरसायकलला किक मारली, पण माणसं माझ्या पुढं होती.

मी पोचलो तेव्हा गाडीभोवती दोनशे तरी माणसं असतील. म्हातारा दारात दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्या मागे बाई, दोन्ही हात छातीशी. मी गर्दी फोडून आत शिरलो आणि ओरडलो, “मी झडती घेतो! सगळ्यांच्या देखत घेतो! मागे व्हा!”

पोरीच्या आईला मी बरोबर घेतलं. गाडीत खाटा उचलून पाहिल्या, कपाटं उघडली, टाकीमागे हात घातला. पोर नव्हती. पण भांड्यांच्या फळीवर आठ-दहा फोटो चिकटवले होते. आईनं त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि अशी किंचाळली की अजून कानात आहे.

“हाई मनीच पोर शे! हाई मनीच पोर शे!” मग वळून तिनं त्या म्हातारीचे दोन्ही दंड धरले. “कोठे टाकी तिले? सांग ना व माय, कोठे टाकी?”

बाहेरच्यांना फक्त किंकाळी ऐकू आली. तेवढी पुरे होती.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. त्या क्षणी मलाही वाटलं की यांनीच काहीतरी केलंय. मी शिकलेला, वर्दीतला माणूस, कालच त्या अफवेला हसलेला. म्हाताऱ्याला थोडं इंग्रजी येत होतं. “सकाळी फोटो काढला, फक्त सकाळी,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याचं ऐकून घेतलं नाही. त्याच्या एका मनगटात बेडी अडकवली, आणि त्यालाच गाडी चालवायला लावून, शेजारी बसून चौकीकडे निघालो. दुसरा कुठला मार्गच नव्हता. पायी नेलं असतं तर दोघं चौकीपर्यंत जिवंत पोचले नसते.

अर्ध्या वाटेवर पहिला दगड आला. बाईच्या बाजूची काच फुटली. तिच्या कपाळातून रक्त ओघळत होतं, पण ती ओरडली नाही. पोरीची आई मागे मटकन खाली बसली होती, तिच्यावर काचा पडू नयेत म्हणून म्हातारीनं आपल्या अंगावरची शाल तिच्या डोक्यावर टाकली. मी ते आरशात पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला तेव्हा सवड नव्हती.

चौकीचं फाटक लावलं. जोडप्याला लॉकअपमध्ये घातलं, कारण चौकीत कुलूप लागणारं मजबूत दार तेवढंच होतं. नाना फोनची मूठ फिरवत बसला. बऱ्याच वेळानं तालुक्याला लागला. उत्तर मिळालं, इथं माणसं कमी आहेत, जळगावहून कुमक मागवतो, दोन तास धरा.

दोन तास! खिडकीतून बाहेर पाहिलं तर बाजारातलं सगळं माणूस कुंपणापाशी जमलं होतं. हजारावर असेल. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात पालाचा बांबू. रॉकेलचा डबा घेऊन एक जण गाडीभोवती फिरत होता. “गाडी पेटाडी द्या!” “बठ्ठा पोलीस इकायेल शेतस!” सगळे पोलीस विकले गेलेत, असं ओरडत होते. माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, त्यात सहा गोळ्या. दोन शिपायांजवळ जुन्या रायफली. गोळीबार केला तर कोण मरणार? सकाळपासून मिरच्या विकत बसलेली माणसं. नाही केला तर हे दोघं. मी दोन्ही हात पट्ट्यात खोचून उभा राहिलो. शिपाई माझ्या तोंडाकडे पाहत होते. साहेब घाबरला आहे हे त्यांना कळलं असतं, तर तिथंच सगळं संपलं असतं.

मी अंगणाच्या पायरीवर आलो आणि मोठ्यानं म्हणालो, “पोर कोणी नेली, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं पुढं या. जबाब लिहून घेतो. कागदावर आल्याशिवाय यांना फाशी होणार नाही!”

फाशी हा शब्द मी मुद्दाम वापरला. आवाज थोडा खाली आला. एका म्हाताऱ्या आबांनी लोकांना दमात घेतलं, “साहेब लिही ऱ्हायना ना? मंग लिहू द्या!”

पहिली पुढं आली ती बांगड्या विकणारी बाई. बाजारात पहिली आरोळी तिनंच दिली होती.

“तुम्ही पाहिलंत?”

“मी नही दखं, साहेब. माले चक्कीवालानी सांगं.”

पिठाच्या गिरणीवाल्याला आत घेतलं. पांढऱ्या भुवया, हात जोडलेले. “मी नाही पाहिलं साहेब, खोटं कशाला बोलू. मला जीपवाल्यानं सांगितलं. तो शपथेवर सांगत होता.”

एवढंच होतं. हजार माणसं खवळली होती आणि पाहणारा एकच निघाला.

जीपवाला म्हणजे बाजाराच्या दिवशी पाड्यांवर माणसं ने-आण करणारा ड्रायव्हर. तिशीतला, गावातलाच, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. त्याला शोधावं लागलं नाही, तो फाटकापाशीच होता. नाना त्याला आत घेऊन आला. मी स्टुलावर बसवलं आणि जबाब लिहायला घेतला.

“काय पाहिलंस?”

“साहेब, ती गोरी बाई गाडीच्या दारात होती. पोर समोरून चालली होती. बाईनं बिस्कीट दाखवलं, पोर जवळ गेली. बाईनं उचलून आत घेतली आणि पडदा ओढला.”

“गाडी कुठं होती?”

“तिथंच. विश्रामगृहामागे, चिंचेखाली.”

“किती वाजता?”

“दोनला. नक्की सांगतो, साहेब. दोनची एसटी तेव्हाच सुटली होती, मी तिच्या मागेच जीप काढली.”

साक्षीदार इतकं गुळगुळीत बोलायला लागला की माझे कान टवकारतात. खरं पाहिलेला माणूस अडखळतो, मागे जातो, ‘नाही नाही, आधी असं झालं’ म्हणतो. हा पाठ केल्यासारखा बोलत होता. आणखी एक गोष्ट. त्या खोलीतून लॉकअपचे गज दिसत. आत आलेल्या प्रत्येकाची नजर आधी तिकडं जाई, गोऱ्यांकडे. बांगडीवाली तर मान वळवूनच बोलली होती. याला ते दोघं दिसतच नव्हते. तो जमिनीकडे पाहत होता.

नोंद करण्यासाठी मी स्टेशन डायरी ओढली आणि पान उलटलं. आदल्या पानावर नानाचं गोल अक्षर होतं. परदेशी इसम, पत्नीसह, चारचाकी वाहनाने चौकीत हजर. पासपोर्ट तपासून नोंद केली. आले दुपारी एक चाळीस, गेले दोन पस्तीस. खाली म्हाताऱ्याची सही, आणि सहीशेजारी त्यानं स्वतःच्या हातानं घातलेली वेळ.

मी नानाकडे पाहिलं. “नाना, गाडी कुठं लावली होती त्यांनी?”

“इथंच की, अंगणात. मी मघाशी सांगत होतो साहेब, दुपारी इथं आले होते म्हणून. तुम्ही म्हणालात, नंतर सांगा.”

खरं होतं. मी म्हणालो होतो.

दोनची एसटी सुटली तेव्हा निळी गाडी आमच्या कुंपणाच्या आत उभी होती. चिंचेखाली नव्हतीच. मग हा माणूस खोटं का बोलतोय? मी उठून खिडकीपाशी गेलो. त्याची जीप समोरच्या बोळात उभी होती. मागची बाजू ओली, मागच्या चाकांखाली चिखल झालेला. बाजाराच्या दिवशी दुपारी, भर धंद्याच्या वेळी, कोणताही ड्रायव्हर जीप धुवायला घेत नाही. त्याच्या पायजम्याच्या कडाही घोट्यापर्यंत ओल्या होत्या.

मी शिपायाला बाहेर पाठवलं, दार लोटलं. खोलीत तो, मी आणि नाना. बाहेर आरडाओरडा चालूच होता. मी खुर्ची त्याच्या अगदी जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, “जीप का धुतलीस?”

त्यानं पाणी मागितलं. नानानं तांब्या दिला. त्यानं तो हातात धरला, पण प्यायला नाही.

“ऐक,” मी म्हणालो. “मी तुला हात लावणार नाही. एकच सांग. ती पोर तू जिथं ठेवलीस तिथं ती अजून जिवंत असेल तर?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तांब्या खाली पडला, पाणी जमिनीवर पसरलं. “ती हलत नव्हती, साहेब,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. “देवाशपथ, हलत नव्हती.”

जीप मागे घेताना पोर चाकाखाली आली होती. बाजाराच्या मागच्या बोळात, तिथं कोणी नव्हतं. त्यानं तिला उचलून जीपमध्ये घातलं, गावाबाहेर नेलं आणि केळीच्या एका बागेत, बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत, केळीच्या पानांखाली ठेवून आला. परत येताना त्याला गिरणीवाला भेटला. तोपर्यंत आई-बाप हाका मारत फिरत होते. गावात सगळ्यांच्या तोंडी जे होतं, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

आता माझ्यापुढं नवीन भीती उभी राहिली. पोर जिवंत असेल तर एकेक मिनिट मोलाचं होतं. पण बाहेर पडायचं कसं? खरा प्रकार गर्दीला सांगितला तर या ड्रायव्हरचे तुकडे होतील. नाही सांगितला तर, पोलीस गोऱ्यांना पळवून नेताहेत, असं म्हणून सगळे आमच्यावर तुटून पडतील.

मी लॉकअप उघडलं, म्हाताऱ्याची बेडी काढली आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मूल कुठं आहे ते कळलं आहे, जखमी आहे, तुमची गाडी पाहिजे. त्यानं बायकोला त्यांच्या भाषेत सांगितलं. कपाळावर रक्त वाळलेली ती बाई लगेच उभी राहिली. म्हातारा म्हणाला, “ही चाळीस वर्षं नर्स होती.” ते दोघं बाहेर आले आणि त्याच लॉकअपमध्ये आम्ही ड्रायव्हरला घातलं. नानाला म्हटलं, “हा इथं आहे हे कुमक येईपर्यंत कोणाला कळता कामा नये. जीव गेला तरी.” नानानं किल्ली खिशात घातली.

पोरीची आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. “बाई, पोर कुठं आहे ते कळलं. यांनी नेली नाही. माझ्याबरोबर चल. पण या गाडीत, पुढं बसावं लागेल. सगळ्यांना दिसेल असं.”

तिनं एवढंच विचारलं, “जित्ती शे का, साहेब?”

“माहीत नाही.”

ती उठली. नवऱ्यानं तिचा हात धरायला पाहिलं, तो झटकून ती गाडीकडे चालू लागली. म्हातारा चाकावर, ती त्याच्या शेजारी, म्हातारी मागे, मी दाराच्या पायरीवर उभा. शिपायानं फाटक उघडलं.

गर्दी पुढं सरकली. रॉकेलवाला समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात पोरीच्या आईनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हात जोडले.

“सरका! मनी पोर तठे शे! मी तुमना पाय पडस, सरका!”

ज्यांनी तिच्यासाठी कोयते उचलले होते, त्यांना तिला अडवता येईना. आधी दोन माणसं बाजूला झाली, मग दहा. वाट होत गेली. आमच्या मागे एकही दगड आला नाही. पण त्या वाटेवरून जाताना दोन्ही बाजूंचे चेहरे मी इतक्या जवळून पाहिले की नंतर कित्येक दिवस बाजारात कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

पंपाची खोली सापडायला वेळ लागला नाही. दार लोटलेलं होतं. आत कोपऱ्यात पानांचा ढीग. मी पुढं झालो, पण पान उचलायला माझा हात होईना. आईनंच पानं ओढली. पोर निपचित, चेहरा मातीसारखा, उजवा पाय गुडघ्याखाली चेंदलेला. म्हातारी मला बाजूला सारून खाली बसली, पोरीच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि डोळे मिटले. ती किती वेळ तशी बसली कोण जाणे, मला तो तासभर वाटला. मग तिनं आईकडे पाहिलं आणि जोरजोरानं मान हलवली. हो, हो, हो.

आईनं म्हातारीचे पाय धरले. त्यांना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता. म्हातारीनं गाडीतली भांड्यांची फळी उपसून पायाला बांधली, चादरी फाडल्या, पोरीला त्यांच्या स्वतःच्या खाटेवर निजवलं. जळगावच्या दवाखान्यापर्यंत ती गुडघ्यांवर बसून होती, पोरीचा पाय दोन्ही हातांत उचलून धरून. फुटक्या काचेतून थंडीचा वारा आत येत होता. आई पोरीच्या उशाशी बसून तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागत होते.

पोर वाचली. पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, “दोन-तीन तास आधी आणली असती तर कदाचित पाय राहिला असता.”

चौकीवर कुमक वेळेत पोचली. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र. ड्रायव्हरला शिक्षा लागली. दगडफेकीचाही गुन्हा नोंदवला होता, पण त्या हजार माणसांपैकी एकालाही दगड कोणी मारला हे दिसलेलं नव्हतं. ते जोडपं पोरगी शुद्धीवर येईपर्यंत जळगावात थांबलं, मग इंदूरच्या बाजूनं निघून गेलं. मी म्हाताऱ्याची माफी मागायला हवी होती. मी फक्त सलाम केला.

मला जे खरं सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी घडलं. ड्रायव्हरचा सविस्तर जबाब घेताना मी त्याला विचारलं, “पोर चाकाखाली आली तो बोळ आणि आमची चौकी, मध्ये दोनशे पावलं. तिला घेऊन इथं का नाही आलास?”

तो म्हणाला, “आणलं असतं तर तुम्ही आधी मला मारलं असतं साहेब, मग पोरीकडे पाहिलं असतं.”

“कशावरून?”

“त्याच दिवशी सकाळी रस्त्यात जीप उभी केली म्हणून तुम्ही मला दोन ठेवून दिल्या होत्या. सगळ्या पॅसेंजरांसमोर.”

मला आठवतही नव्हतं. नानाकडे पाहिलं, तर तो दौतीत टाक बुडवत राहिला. बाजाराच्या दिवशी मी अशा किती जणांना मारत असे, याचा हिशोब मी कधी ठेवला नव्हता. लोक पोलिसाला भितात म्हणून कायदा चालतो, असं मी तोपर्यंत मानत होतो. प्रशिक्षणात कोणी तसं शिकवलं नव्हतं, पण पाहून पाहून शिकलो होतो. माझ्याच हद्दीत, माझ्याच चौकीपासून दोनशे पावलांवर, एका माणसाला मरणाऱ्या पोरीपेक्षा माझी जास्त भीती वाटली. त्याचा गुन्हा त्याच्या माथी, तो त्यानं भोगला. पण त्या दोन-तीन तासांतला माझा वाटा कुठल्याच दोषारोपपत्रात आला नाही.

पुढं ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं पहिल्या दिवशी सगळ्यांना बोलावून एक गोष्ट सांगत असे. जखमी माणसाला जो कोणी घेऊन येईल, त्याला आधी बसायला द्या, पाणी द्या, जखमीला दवाखान्यात पोचवा. नाव-गाव, कोणी केलं, कसं झालं, हे नंतर. त्या माणसानंच केलं असेल तरीही नंतर. नवे शिपाई मान डोलवत आणि जुने मनात हसत. इतक्या वर्षांत फक्त दोनदा असं झालं, की वाहन चालवणाऱ्यानं स्वतः जखमीला उचलून माझ्या ठाण्याच्या पायरीवर आणलं. बाकी वेळा लोक रस्त्यातच टाकून गेले.